कर्करोग: उपचार आहेत, वाट लांब आहे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कर्करोगाचे नाव काढले की आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो. ‘त्यांना ते झालंय’ एवढेच म्हटले जाते आणि ऐकणारा काय ते समजून जातो. ही भीती उगाच आलेली नाही. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पण आज मला भीतीविषयी बोलायचे नाही. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा हे आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी तीन. तिन्ही लवकर ओळखता येतात, आणि लवकर ओळखले तर बरे होण्याची आशा खूप मोठी असते. मग इतके लोक उशिरा का पोचतात? आणि गरीब-श्रीमंत, शहरी-खेडूत अशा सगळ्यांना सारखी संधी मिळायची तर देशाचे धोरण कसे असायला हवे? आज याचाच विचार करू या.

एक रस्ता, तीन बायका

पुण्याच्या नैऋत्येला सिंहगड रस्त्यावर धायरी आहे. धारेश्वराचे हे गाव बघता बघता शहर झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत जी ११ गावे आली, त्यांत धायरीचेही नाव होते. इथे मोठ्या सोसायट्या आहेत, लहान कारखान्यांच्या शेड आहेत आणि भाड्याच्या एकेका खोलीत राहणारी, कामासाठी मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही आहेत. धायरी फाट्यावरून खडकवासल्याकडे जाणारा रस्ता पुढे पानशेत आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांकडे जातो.

समजा, याच रस्त्यावरच्या तीन बायकांना एकाच आठवड्यात, आंघोळ करताना, स्तनात गाठ हाताला लागली. तिघी काल्पनिक आहेत, पण तुम्हाला त्या अनोळखी वाटणार नाहीत.

पहिली निवृत्त शिक्षिका, सोसायटीत राहणारी. तिने मुलीला सांगितले, मुलीने फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली. मॅमोग्राफी, सुईने घेतलेला गाठीचा तुकडा, अहवाल आणि शस्त्रक्रिया. तीन-चार आठवड्यांत उपचार सुरू झाले.

दुसरी एका शेडमध्ये पॅकिंगचे काम करते. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने मनावर घेतले नाही. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. मग औषधाच्या दुकानातून गोळ्या झाल्या, दिवाळीत गावाला जाऊन येणे झाले, आणि मोठ्या रुग्णालयात गेल्यावर कळले की कागदपत्रे गावाकडे राहिली आहेत. चार-पाच महिने निघून गेले.

तिसरी डोंगरातल्या वाडीवरची. आधी भातलावणी, मग दिराचे लग्न, मग ‘बाईमाणसाने असे काही कोणाला सांगायचे कसे’ हा संकोच. गाठ फुटून जखम झाली तेव्हा लेकीने तिला धायरीला आणले. तोवर वर्ष होत आले होते.

आजार एकच, रस्ता एकच, शहरही एकच. फरक पडला तो दिवसांचा. या भागातल्या लोकांना ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. खडकवासल्याच्या पायथ्याशी राहूनही टँकरची वाट पाहणे इथे नवे नाही. पुण्यात नामांकित रुग्णालये आहेत, तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत. पण धरणात पाणी असणे आणि घरच्या नळाला पाणी येणे यांत जे अंतर असते, तेच रुग्णालय असणे आणि उपचार मिळणे यांतही असते.

समन्याय म्हणजे काय?

धोरणाच्या कागदांत ‘समन्यायी’ हा शब्द वारंवार येतो. सगळ्यांना सारखे दिले की न्याय झाला, असे आपल्याला वाटते. पण वरच्या तिघींना ‘रुग्णालय सर्वांसाठी खुले आहे’ असे सारखेच सांगितले, तर त्याचा फायदा पहिलीलाच होईल. दुसरीला सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना हवा. तिसरीच्या वाडीवर कोणीतरी जायला हवे, आणि ती व्यक्ती बाई असायला हवी. ज्याची वाट लांब, त्याच्यासाठी व्यवस्थेने जास्त पावले चालणे, हा समन्यायाचा साधा अर्थ.

हे मोजायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कर्करोगासाठी तीन आकडे पुढे ठेवले: ६०, ६० आणि ८०. किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या दोन अवस्थांत सापडावेत. रुग्ण दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे. आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार अर्धवट न राहता पुरे व्हावेत. किती इमारती बांधल्या, किती निधी खर्च झाला, यापेक्षा ही मोजपट्टी अधिक खरी आहे. मात्र ती सरासरीला लावून चालणार नाही. सरासरीत पहिलीचे तीन आठवडे तिसरीचे वर्ष झाकून टाकतात. पट्टी तिसरीला लावली पाहिजे.

कागदावर आपण मागे नाही

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने पुढे हे रुग्णालय उभारले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशाचा राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये आला. १९८४-८५ मध्ये त्यात बदल करून प्रतिबंध आणि लवकर निदान यांवर भर देण्यात आला. २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा एकत्र कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे धोरणाचा विचार पन्नास वर्षांचा आहे. अडचण आहे ती शेवटच्या टप्प्यात, आरोग्यकेंद्रापासून घरापर्यंतच्या.

या शेवटच्या टप्प्याचे काम कसे करायचे, हे जगाला दाखवून दिले ते आपल्याच महाराष्ट्राने. ती हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

बार्शीने मोजायला शिकवले

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्करोग नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. मुंबईत त्याआधीपासून, १९६० च्या दशकात, इंडियन कॅन्सर सोसायटीने नोंदणी सुरू केली होती. पण ही सगळी शहरातली मोजणी. खेड्यात कर्करोग किती, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी इथे, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली.

शहरात नोंदणी करणारा माणूस रुग्णालयात जातो आणि तिथले केसपेपर पाहतो. बार्शीच्या खेड्यांत ती सोय नव्हती. कितीतरी रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नसत. घरीच आजारी पडत आणि घरीच जात. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. लोकांना एकत्र बसवून लक्षणे सांगत: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ. ज्यांना असे काही होत असेल त्यांना तपासणीसाठी यायला सांगत आणि येण्याची सोय करत.

काम सुरू झाले होते मोजण्यासाठी. पण काही वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. नवे यंत्र आलेले नव्हते, नवे औषध नव्हते. कोणीतरी गावात येऊन लक्षणे समजावून सांगितली होती आणि पुढे कुठे जायचे ते दाखवले होते. धोरण ठरवणाऱ्या प्रत्येकाने बार्शीचा हा धडा जवळ ठेवावा असा आहे.

ज्यांनी ज्ञान दिले त्यांचे देणे

पुढचे पाऊल शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात पडले. टाटा स्मारक, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने हे त्यातले प्रमुख संशोधक. ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे चार गट केले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आणि चौथा गट तुलनेसाठी, ज्यात नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फक्त एकदा एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात आठ वर्षांत ३४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. तुलनेच्या, थोड्या लहान असलेल्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

मुंबईतही १९९८ पासून टाटा स्मारकचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी झोपडपट्ट्यांत काम करत होते. दीड लाख स्त्रियांचा हा अभ्यास. तपासणी करणाऱ्या होत्या वस्तीतल्याच, साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या बायका. पद्धत तीच: गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचे. ना प्रयोगशाळा, ना वीज, ना अहवालाची वाट. दर दोन वर्षांनी अशी तपासणी केलेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. याच स्त्रियांचे स्तनही हाताने तपासले जात होते. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याचे निष्कर्ष आले. सर्व वयांचा मिळून फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते.

या अभ्यासांवर टीकाही झाली. तपासणी उपयोगी ठरेल अशी शक्यता दिसत असताना हजारो गरीब स्त्रियांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न विचारला गेला. इथे नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणेच होते, असे उत्तर संशोधकांनी दिले. हा वाद सहज मिटणारा नाही. पण एका गोष्टीबद्दल वाद असू नये. मराठवाड्यातल्या शेतमजूर स्त्रियांनी आणि मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायकांनी जगाला जे ज्ञान दिले, त्याचा पहिला लाभ त्यांच्यासारख्या स्त्रियांनाच मिळायला हवा होता.

तो मिळाला का? २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले, की गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या १.९ टक्के. स्तनाच्या आणि तोंडाच्या तपासणीचे उत्तर तर एक टक्क्यालाही पोचले नाही. तिशीनंतर या तिन्ही तपासण्या कराव्यात, अशा केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना २०१६ मध्येच आलेल्या होत्या. आदेश निघाला, आशाताईच्या हातात फॉर्म आला. पण फॉर्म भरणे म्हणजे तपासणी नव्हे. खासगीपणा राखणारी खोली, टेबल, दिवा आणि शिकलेली नर्स एकाच दिवशी एकाच ठिकाणी हजर असतील, तेव्हाच तपासणी होते.

धायरीसारख्या भागांची आणखी एक अडचण आहे. गाव असताना आरोग्यसेवा जिल्हा परिषदेकडे असते. शहरात आल्यावर ती महापालिकेकडे जाते. आशाताई आल्या त्या २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून. शहरी अभियान आले २०१३ मध्ये. शहराच्या कडेला राहणारा भाडेकरू या दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत सापडतो. एकीकडे त्याचे गाव सुटलेले असते आणि दुसरीकडे शहराच्या यादीत त्याचे नाव चढलेले नसते.

रोगच होऊ नये म्हणून

सगळ्यात स्वस्त उपचार म्हणजे रोग टाळणे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूचे कोणते ना कोणते व्यसन होते, आणि त्यातले बहुतेक जण ती ओढत नव्हते, खात किंवा लावत होते. पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी, पोरांकडे मावा आणि बायकांच्या फळीवर मिसरी. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती किती पाळली जाते, हे कुठल्याही टपरीच्या आसपास पडलेल्या पुड्या सांगतात. बारा-बारा तास यंत्रासमोर उभे राहणारा कामगार झोप आणि भूक मारायला तंबाखूची चिमूट धरतो. त्याला नुसते फलक दाखवून भागत नाही. कामाच्या जागी जाऊन तोंडे तपासणे आणि व्यसन सोडायला मदत करणे, हे कर्करोग धोरणाचेच काम आहे.

दुसरा प्रतिबंध लसीचा. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. त्यावरची पहिली भारतीय बनावटीची लस आपल्या पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. सिक्कीमने तर २०१८ मध्येच शाळांमधून मुलींना एचपीव्ही लस दिली होती. लस मुलीला लहान वयात, साधारण ९ ते १४ वर्षांदरम्यान, मिळायला हवी. इथेही समन्यायाचा मुद्दा येतोच. लस शाळेत दिली, तर शाळा सुटलेल्या, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आई-वडिलांबरोबर गेलेल्या मुलीपर्यंत ती पोचवायची वेगळी सोय लागते. आणि पुढे तपासणी चुकण्याची भीतीही तिलाच सर्वात जास्त असते.

उपचार घराजवळ हवेत

निदान झाल्यावर रुग्ण आणि त्याचे घर पुण्या-मुंबईकडे धावते. शस्त्रक्रिया एकदाच होते. तेवढ्यासाठी लांब जाणे समजू शकते. पण रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे घ्यावे लागते. केमोथेरपीच्या फेऱ्या कित्येक महिने चालतात. घरातले एक माणूस सोबत लागते, म्हणजे दोघांचा रोजगार जातो. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे वर्षानुवर्षे कर्करुग्णांच्या कुटुंबांना आसरा मिळतो आहे. अशा संस्थांपुढे मान झुकवावी; पण उपचार जिल्ह्याजवळ असते तर यातल्या कितीतरी जणांना घर सोडावेच लागले नसते.

म्हणून आता उतरंडीसारखी रचना पुढे आली आहे. सर्वात कठीण शस्त्रक्रिया मोठ्या संस्थेत, रेडिएशन विभागीय केंद्रात, नेहमीची केमोथेरपी आणि नंतरची देखरेख जिल्ह्यात. आसामात राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून अशी तीन पातळ्यांची साखळी उभारायला घेतली. तिच्यातली पहिली सात केंद्रे एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस राज्याचे स्वतःचे कर्करोग धोरण मंजूर केले. त्यात टाटा स्मारकला शिखरस्थान देऊन १८ रुग्णालयांची त्रिस्तरीय साखळी आखली आहे, आणि पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले ससून, दुसऱ्या पातळीवर आहे.

दिशा योग्य आहे. पण यंत्राबरोबर ते चालवणारा तंत्रज्ञ, मात्रा ठरवणारा भौतिकतज्ज्ञ, पेशी पाहून निदान करणारा पॅथॉलॉजिस्ट आणि केमो देणारी नर्स ही माणसेही लागतात. माणसे नेमली नाहीत, तर यंत्र वेष्टनातच जुने होते.

पैसा: आजार एकाला, कर्ज घराला

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली, संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आले आणि ते केशरी-पिवळ्या शिधापत्रिकांपुरते न ठेवता राज्यातल्या सर्व रहिवाशांसाठी खुले झाले. हजारो घरांना या योजनेने तारले आहे.

तरीही घर कर्जात जातेच. निदान पक्के होईपर्यंत बाहेर केलेल्या तपासण्या, गाडीभाडे, राहणे-खाणे आणि बुडालेली मजुरी हा खर्च योजनेच्या कागदावर दिसत नाही, तो मंगळसूत्र गहाण ठेवून भागवला जातो. एसटी आणि रेल्वे कर्करुग्णांना भाड्यात सवलत देतात, हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसते. उपचार अर्धवट सुटतात ते बहुधा इथेच. म्हणून प्रवास आणि बुडीत मजुरी हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

औषधांच्या किमती मात्र खाली आणता येतात, हे आपण करून दाखवले आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईहून निघालेल्या एका आदेशाने एका भारतीय कंपनीला सोराफेनिब हे औषध बनवायचा सक्तीचा परवाना मिळाला. महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांच्या आसपास पडणारे औषध ८,८०० रुपयांना मिळू लागले. २०१९ मध्ये ४२ कर्करोग औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला गेला. टाटा स्मारकच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधल्या रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा सुमारे ८२ टक्के बचत झाली. एकेकट्याने गेलो तर दुकानदार भाव सांगतो, गल्ली मिळून गेली तर भाव ठरवता येतो. घरच्या किराण्याचा हा नियम कर्करोगाच्या औषधालाही लागू पडतो.

वेदना थांबवणे हाही उपचारच

सर्वच रुग्ण बरे होणार नाहीत. उशिरा आलेल्यांत तर वेदनेचेच राज्य असते. ‘आता काही करता येणार नाही, घरी न्या’ हे वाक्य ऐकून परतणाऱ्या माणसासाठी धोरणात काय आहे? वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या महाग नाहीत, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या किचकट परवान्यांमुळे त्या मिळणेच अवघड होते. २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली. तरीही मॉर्फिन लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि ते ठेवणारे दुकान प्रत्येक तालुक्यात सापडत नाही.

धायरीपासून फार लांब नाही अशा वारज्यात, महामार्गालगत, १९९७ पासून सिप्लाचे शुश्रूषा केंद्र आहे. तिथे कर्करुग्णांची वेदना आणि इतर त्रास यांवर विनामूल्य उपचार होतात; घरच्यांनाही जखम कशी धुवायची, नळी कशी सांभाळायची, रुग्णाशी कसे बोलायचे हे शिकवले जाते. शेवटचे दिवस असे निवांत जाणे हे नशिबावर किंवा एखाद्या न्यासाच्या उदारपणावर अवलंबून राहू नये. केरळने २००८ मध्येच यासाठी स्वतंत्र धोरण केले आणि गावपातळीवर स्वयंसेवक उभे केले.

आपण काय विचारायचे?

सारांश सांगायचा तर समन्यायी कर्करोग धोरणात पाच गोष्टी हव्यात. तंबाखूला आळा आणि लस, तीही शाळाबाह्य मुलीपर्यंत. तिशीनंतरच्या प्रत्येकाची घराजवळ, सोयीच्या वेळी तपासणी. संशयित रुग्णाला नुसती चिठ्ठी न देता पुढच्या दारापर्यंत पोचवणारा माणूस. जिल्ह्यात केमो आणि विभागात रेडिएशन, आणि त्यात प्रवास व मजुरीची भरपाई. शेवटी, बरा न होणाऱ्या रुग्णाला वेदनेतून सुटका.

हे शासनाने करायचे. मात्र शासन करते आहे का, हे आपण पाहायचे. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, लाल-पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणे, कुठलीही नवी गाठ, पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर होणारा रक्तस्राव, सतत बसलेला आवाज. घरात कोणाला यांतले काही असेल तर या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्या. घरी काम करायला येणाऱ्या मावशींनाही विचारा आणि लागली तर एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्या. त्यांच्या वाटेतला एक अडथळा तेवढ्यानेही दूर होतो.

आणि नगरसेवक दारी येतील किंवा वॉर्डात बैठक असेल, तेव्हा रस्ता, पाणी आणि कचऱ्याबरोबर आणखी एक प्रश्न नक्की विचारा: आपल्या आरोग्यकेंद्रात गेल्या महिन्यात तिशीपुढच्या किती जणांची कर्करोग तपासणी झाली, त्यांतल्या किती जणांना पुढे पाठवले, आणि त्यांतले किती खरोखर पोचले? पहिले दोन आकडे कदाचित लगेच मिळतील. तिसरा आकडा मिळेपर्यंत विचारत राहा.